दूध नक्की की दूध नको : इंदूरच्या एका मंडळातलं दोन अक्षरांचं प्रकरण

गेल्या कोजागरीला रात्री आठ वाजता आमच्या मंडळाच्या गच्चीवर शेगडी तयार होती. मोठी कढई घासूनपुसून ठेवली होती. बदाम-पिस्त्याचे काप, केशर, वेलची, जायफळ सगळं ताटात मांडलं होतं. फक्त दूध नव्हतं. दीडशे माणसांचं दूध दोन दिवसांपूर्वीच रद्द झालं होतं आणि ज्याने दुधाचा निर्णय दिला होता त्यालाच त्याचा पत्ता नव्हता.

हे का झालं याचा शोध मी नंतर महिनाभर घेत होते. मंडळाच्या स्मरणिकेचं संपादन मी करते आणि मुद्रितं वाचण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे सगळ्यांनी हे काम माझ्यावर सोपवलं. सुरुवातीला वाटलं होतं, मुलांनी नीट लिहायला शिकावं एवढंच सांगून विषय संपेल. तसं झालं नाही. या प्रकरणात चूक जिथे दिसत होती तिथे ती थोडीच होती. मोठी चूक आम्ही भाषा जाणणाऱ्यांनी केली होती, आणि त्यात मी पुढे होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माणसं

आमची वसाहत सुदामानगर भागात आहे. साठेक मराठी कुटुंबं. होळकरांच्या चाकरीसाठी आलेल्यांचे वंशज आहेत, नोकरीनिमित्त पुण्या-नागपूरहून येऊन इथलेच झालेले आहेत आणि देवास-उज्जैनकडून लग्न होऊन आलेल्या सुनाही आहेत. घरात मराठी, शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी, बाजारात इंदुरी हिंदी. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सांगावं लागतं की इथे मराठी बहुतेकांच्या कानावर आयुष्यभर असते, पण पाटीवर गिरवलेली नसते.

प्रकरणात चौघं आहेत. अध्यक्ष काका, वय बहात्तर. २००१ साली विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली इंदूरला साहित्य संमेलन भरलं तेव्हा ते स्वयंसेवक होते, आणि त्या दिवसांबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजून बदलतो. दुसरा आमचा कोषाध्यक्ष, चौतीस वर्षांचा, सुपर कॉरिडॉर या आयटी कंपन्यांच्या भागात नोकरी करणारा. तिसरी त्याची वहिनी. माहेर देवासचं, शिक्षण सगळं हिंदी माध्यमात, आता एका शाळेत गणित शिकवते. चौथी मी.

मंडळाचा सगळा व्यवहार व्हॉट्सॲपच्या गटावर चालतो. सभेची सूचना, वर्गणी, कोणाच्या घरी बारसं, कोणाचं आजारपण, सगळं तिथेच.

संदेश जसे आले तसे

कोजागरी सोमवारी होती. शनिवारी सकाळी काकांनी लिहिलं: ‘यंदाही दूध ३५ लिटरच सांगायचे का? कांही जणांचे म्हणणे आहे की बासुंदीची तयार पाकिटे आणावीत. कृपया कळवावे.’

हिशेब बरोबर होता. माणशी एक पेला धरला तर दीडशे जणांना सत्तावीस-अठ्ठावीस लिटर लागतं, आणि मसाला दूध आटवायचं म्हणजे सुरुवातीला पस्तीस हवंच.

अर्ध्या तासाने कोषाध्यक्षाचं उत्तर आलं. रोमन लिपीत दूध हा शब्द, आणि पुढे फक्त दोन अक्षरं: एन आणि के.

त्याला म्हणायचं होतं, दूध नक्की. काकांनी वाचलं, दूध नको.

काकांनी लगेच लिहिलं, ‘ठीक आहे. मग दूधवाल्याला तसे सांगतो.’ हे उत्तर कोषाध्यक्षाने पाहिलं आणि तो निश्चिंत झाला. काकांनी फोन करून ऑर्डर रद्द केली.

रविवारी संध्याकाळी एका काकूंनी विचारलं, ‘मग पाकिटं कोण आणतंय? ठरलं का?’ त्या बासुंदीच्या पाकिटांबद्दल विचारत होत्या. कोषाध्यक्ष तेव्हा कामासाठी भोपाळला होता. त्याला वाटलं, प्रश्न कागदी पेल्यांच्या पाकिटांचा आहे. त्याने पुन्हा दोन अक्षरं पाठवली: के आणि एल.

ही दोन अक्षरं मी नंतर वेगवेगळ्या लोकांना दाखवली. काकांनी वाचलं होतं ‘काल’, म्हणजे कालच ठरलं. प्रश्न विचारणाऱ्या काकूंनी वाचलं ‘कल’. आमच्या इंदुरी मराठीत हिंदीतला कल सर्रास येतो आणि हिंदीत त्याचा अर्थ उद्याही होतो, म्हणून त्या उद्या ठरेल असं समजून गप्प बसल्या. लिहिणाऱ्याच्या मनात होतं ‘कळवतो’. दोन अक्षरं, तीन शब्द, आणि त्या तिघांपैकी एकालाही कोणाला पुन्हा विचारावंसं वाटलं नाही, कारण प्रत्येकाला आपल्यापुरता अर्थ लागलेला होता. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. ज्याला संदेश अजिबात कळत नाही तो माणूस परत विचारतो. ज्याला तो चुकीचा पण पूर्ण कळतो तो विचारत नाही.

त्या रात्री काय झालं ते थोडक्यात सांगते. तीन गाड्या सांची डेअरीच्या दुधाची पाकिटं शोधायला निघाल्या. रात्रीची वेळ, अर्धी बूथं बंद. साडेनऊपर्यंत एकोणीस लिटर जमलं. दोघं जण सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, रबडी घेऊन आले. दूध आटेपर्यंत पावणेबारा झाले होते, मुलं चटयांवर झोपली होती आणि निम्मी कुटुंबं घरी गेली होती. दर वर्षी पहिला पेला ज्या आजींना देतो त्याही वाट पाहून गेल्या. काका आणि कोषाध्यक्ष जिन्यात एकमेकांवर ओरडत होते. दोघांनी आपापला फोन दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला होता, पुरावा म्हणून. दोघांच्या फोनवर तोच संदेश होता.

ही अक्षरं आली कुठून

पहिल्या सभेत सूर असा होता की हा आळस आहे, आजच्या पिढीला भाषेची किंमत नाही. मी कोषाध्यक्षाला वर्षानुवर्षं ओळखते. मंडळाच्या वहीत तो एका रुपयाचा फरक राहू देत नाही, रात्री एकला बसून शोधतो. अशा माणसाला आळशी म्हणणं मला पटेना. म्हणून मी त्याच्याकडे जाऊन बसले आणि विचारलं, हे लिहिणं तू शिकलास कुठे?

तो म्हणाला, ‘ताई, कॉलेजात. बटणांच्या फोनवर.’

तो ज्या फोनबद्दल बोलत होता त्यावर एका बटणावर तीन-चार रोमन अक्षरं असत. एनसाठी सहाचं बटण दोनदा, के साठी पाचचं दोनदा, आय साठी चारचं तीनदा. नक्की हा शब्द पूर्ण लिहायचा तर दहा वेळा बटण दाबावं लागे, आणि दोन के लागोपाठ आल्यामुळे मध्ये थांबावंही लागे. नुसत्या एन-के ला चार दाब पुरत. देवनागरीचा प्रश्न तर वेगळाच होता. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधं रोमन अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरी युनिकोडमध्ये जाते, तिथे प्रत्येक चिन्हाला सोळा बिट, म्हणून फक्त ७०. आणि त्या सत्तरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्त, प्रत्येकाची जागा वेगळी मोजली जाते. ‘सगळ्यांनी वेळेवर यावे ही विनंती’ एवढं लिहिलं की ३१ जागा गेल्या. एसएमएसला पैसे पडत होते, सणाच्या दिवशी तर सवलतीचे पॅकही चालत नसत. वर समोरच्याच्या फोनमध्ये देवनागरी नसली तर त्याला चौकोनांची रांग दिसे.

म्हणजे त्या वयाच्या मुलांनी मराठी रोमनमध्ये आणि तीही तोडून लिहिली, याला तेव्हा कारण होतं. आज त्यातलं एकही कारण उरलेलं नाही. फोनवर मराठी कळफलक आहे, बोललेलं लिहून घेणारी सोय आहे, अक्षरं मोजायला कोणी बसलेलं नाही. उरली आहे ती बोटांची सवय.

त्याच्या मित्रांच्या गटात एन-के म्हणजे नक्की हे पंधरा वर्षं ठरलेलं आहे. तिथे कधी घोटाळा झाला नाही. घोटाळा झाला तो ती खूण जिथे ठरलेली नव्हती तिथे आल्यावर. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मला आमच्या घरातली जुनी पत्रं आठवली.

मराठी माणसाने शब्द तोडले नाहीत असं कोणी म्हणत असेल तर त्याने आजोबांच्या ट्रंकेतलं एक पोस्टकार्ड काढून बघावं. वर ‘ती. बाबांस’, खाली ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, धाकट्यांना ‘चि.’ आणि ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, शेवटी ‘ता. क.’, पत्त्यावर ‘मु. पो.’. मोडीतल्या कागदांतही संक्षेपांची दाटी असते. पोस्टकार्डावर जागा कमी, म्हणून हे आलं, जसं सत्तर अक्षरांमुळे ते आलं. पण ‘सा. न. वि. वि.’ कोणी दुसरं काही म्हणून वाचलं असं मी ऐकलं नाही. एक तर ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. दुसरं, मागे टिंब होतं, म्हणजे हा शब्द तोडला आहे हे लिहिणाराच सांगत होता. आणि तिसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: तोडलेले शब्द फक्त मायन्यात आणि शेवटी असत. मधला मजकूर, कोण कधी येणार, किती पैसे पाठवले, बैल केवढ्याला घेतला, तो पूर्ण वाक्यात असे. जे वाचलं नाही तरी चालेल ते तोडत, जे चुकलं तर नुकसान होईल ते तोडत नसत. कोषाध्यक्षाने नेमकं उलट केलं होतं. शुभ सकाळ तो फुलांच्या चित्रासह पूर्ण पाठवायचा आणि पस्तीस लिटरचा निर्णय दोन अक्षरांत.

रोमनची आणखी एक अडचण आहे. न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट, द आणि ड, अ आणि आ यांतला फरक रोमनमध्ये सहसा राहत नाही. पूर्ण शब्द लिहिला तर संदर्भाने निभावतं. पण स्वरही गाळले की व्यंजनांचा नुसता सांगाडा उरतो, आणि नको व नक्की यांचा सांगाडा एकच आहे. मराठीत होकार आणि नकार इतके जवळ आलेत हे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. देवनागरीत ‘नको’ आणि ‘नक्की’ चष्म्याशिवायही वेगळे वाचता येतात.

काकांनी विचारलं का नाही

काकांकडे मी दुसऱ्या आठवड्यात गेले. प्रश्न एकच होता: शंका आली असेल तर एक फोन का केला नाही?

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘वहिनी, मी तीन ओळी लिहितो, कृपया म्हणतो, कळवावे म्हणतो. त्याला तो दोन अक्षरं टाकतो. भिकाऱ्याला नाणं टाकावं तशी. त्याला परत काय विचारू?’

कोषाध्यक्षाला हे सांगितलं तेव्हा तो खरोखर दचकला. सिग्नलला गाडी थांबलेली असताना, काकांचा खोळंबा होऊ नये म्हणून त्याने घाईने उत्तर दिलं होतं. त्याच्या लेखी तो आदर होता. त्याच दोन अक्षरांत काकांना अनादर दिसला, आणि दुखावलेला माणूस खुलासा मागत नाही.

आणि काकांचं स्वतःचं वाक्यही बघा. ‘मग दूधवाल्याला तसे सांगतो.’ शुद्धलेखनाच्या दृष्टीने बोट ठेवायला जागा नाही. पण ‘तसे’ म्हणजे कसे? दूध रद्द करतो, एवढे तीन शब्द त्यांनी लिहिले असते तर कोषाध्यक्षाने त्याच मिनिटाला फोन केला असता. शुद्ध लिहिलेलं स्पष्ट असतंच असं नाही, हे मी पंचवीस वर्षं मुद्रितं वाचूनही इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं.

नऊ दिवस आधी

आता ज्या भागासाठी मी हे लिहायला बसले तो.

रविवारी संध्याकाळी कोषाध्यक्षाची वहिनी नेहमीचं दूध आणायला गेली तेव्हा दूधवाल्याने तिला सहज सांगितलं की तुमच्या कोजागरीचं कॅन्सल झालं ना, काकांचा फोन आला होता. शनिवारी सकाळीच घरात दीर तिच्यासमोर म्हणाला होता, दूध नक्की झालं, आता बदाम-केशर तेवढं बघू. म्हणजे साठ कुटुंबांत ही एकटीच होती जिला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. चोवीस तास हातात होते.

त्या रात्री मी गट उघडून बसले होते. वर तिचं नाव आलं, टाइप करत आहे. मग गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. संदेश आला नाही. मी फोन ठेवून दिला. हे मला आठवतं, कारण तेव्हा मनात आलं होतं की ही हल्ली लिहीत नाही.

ती लिहीत का नव्हती याचं उत्तर गटातच होतं. कोजागरीच्या नऊ दिवस आधी तिने लिहिलं होतं: ‘कोजागरीला मूलांच्या खेलांची जबाबदारी मी घेते. शालेतून लवकर येऊन तयारी करेन. सगळ्यांनी वेळेवर यावे ही विनंति.’

देवनागरीत, पूर्ण वाक्यांत, कर्ता-क्रियापदासह, कोण काय कधी करणार हे सांगणारा संदेश. त्या महिन्यात गटावर आलेल्यांत सगळ्यात कामाचा. त्यावर आम्ही काय केलं? मी दुरुस्तीची खूण म्हणून तारा काढून लिहिलं, ‘मुलांच्या, मु ऱ्हस्व.’ काकांनी लिहिलं, ‘शाळा. शाला नव्हे. ळ हे मराठीचे वैभव आहे.’ तिसऱ्याने विनंतीची वेलांटी दाखवली. चौथ्याने हसणारे चेहरे टाकले. मुलांचे खेळ ती घेते आहे याबद्दल आभाराचा एक शब्द कोणाकडून गेला नाही. माझ्याकडूनही नाही.

मी तिच्या घरी गेले. तिने चहा केला आणि फार सरळपणे बोलली. ‘काकू, त्या रविवारी मी लिहिलं होतं, दूध रद्द झालं का. मग वाटलं, रद्द बरोबर लिहिलंय ना? मग वाटलं, मोठ्यांनी ठरवलं असेल, माझंच काही चुकत असेल. पुसून टाकलं. आई म्हणाल्या, तू रोमनमध्ये लिहीत जा, तिथे चुका दिसत नाहीत.’

तिच्या सासूबाईंचं हे वाक्य मला पुढे कित्येक दिवस पुरलं. रोमनमध्ये चुका दिसत नाहीत. खरं आहे. रोमन मराठीला नियमच नाहीत, म्हणून तिथे कोणी अशुद्ध ठरत नाही. मी घरी येऊन गटाचे जुने संदेश वाचत गेले. आणखी दोघींनी असंच देवनागरी सोडून रोमन धरलं होतं, आणि दोघींच्याही शेवटच्या देवनागरी संदेशाखाली दुरुस्ती होती. एक माझी होती. लोक रोमनमध्ये का लिहितात म्हणून आम्ही सभेत हळहळत होतो, आणि त्यांना तिकडे ढकलत आम्हीच होतो.

तिच्या चुका मी पुन्हा वाचल्या, या वेळी कान उघडे ठेवून. हिंदी कळफलकावर ळ समोर नसतो, ल बराच वेळ दाबून ठेवला तर वर येतो. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ‘मूलांच्या’ तर तिने विचार करून लिहिलं होतं. मूल दीर्घ, मग मुलांच्या ऱ्हस्व का? हिंदीत फूलचं फूलों होतं, ऊ जागचा हलत नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागायच्या आधी शब्दाचं रूप बदलतं, त्याला सामान्यरूप म्हणतात, आणि उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराच्या आधीचे, दीर्घ इ-उ ऱ्हस्व होतात: फूल, फुलाला, मूल, मुलाला. हा नियम ऐकून लक्षात येणारा नाही, शिकवल्याशिवाय कळत नाही, आणि मध्यप्रदेशातल्या शाळेत तो तिला कोण शिकवणार होतं?

राहिली विनंती. मराठीच्या आजच्या लेखनाचे नियम साहित्य महामंडळाने केले, त्यांतले चौदा १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केले, चार १९७२ मध्ये आले. त्याप्रमाणे कवी, बुद्धी, विनंती यांचा शेवट दीर्घ. त्याआधी ‘विनंति’ लिहीत असत. न उच्चारले जाणारे अनुस्वारही त्याच नियमांनी गेले. काका अजून ‘कांही’ आणि ‘नांव’ लिहितात, वडिलांकडून आलेली सवय म्हणून. तो अनुस्वार आम्ही कोणी कधी दुरुस्त केला नाही, आणि करायलाही नको होता. पण मग तिची वेलांटी का?

माझं मत आता असं झालं आहे. चुकीचं लिहिणं आणि निष्काळजीपणे लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही पहिलीला शिक्षा करत होतो, दुसरीला सोडून देत होतो. तिच्या तीन वाक्यांत चार चुका होत्या आणि एकाही वाचकाला अर्थाची शंका आली नसती. तिने स्वतः कष्ट घेतले होते, वाचणाऱ्यांचे वाचवले होते. एन-के मध्ये शुद्धलेखनाची चूकच नाही, कारण शब्दच नाही. तिथे लिहिणाऱ्याचे दोन सेकंद वाचले आणि साठ घरांना अर्थ लावत बसावं लागलं.

काय ठरवलं

दिवाळीनंतर सभा झाली. मी सगळं मांडलं, माझ्या दुरुस्त्यांसह. वाद झाला. कोणी म्हणालं, गटावर फक्त देवनागरीच असावी. मी विरोध केला, कारण ज्यांना देवनागरी टंकता येत नाही ते मग गप्प बसतील, आणि गप्प बसण्याची किंमत आपण मोजली आहे. शेवटी जे ठरलं ते असं.

पैसे, माप, वार-वेळ आणि जागा यांचा संदेश कोणत्याही लिपीत चालेल, पण पूर्ण वाक्यात हवा, क्रियापदासह. आज, उद्या, काल, परवा एकट्याने नको, सोबत वार आणि तारीख. परवा तर मराठीत मागेही जातो आणि पुढेही. ज्याच्याकडे काम आहे त्याने निरोप मिळाल्यावर नुसतं ‘ठीक आहे’ किंवा ‘तसे करतो’ न म्हणता काय करणार ते आपल्या शब्दांत परत लिहायचं. प्रश्न विचारणाऱ्याने एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, कारण काकांच्या पहिल्या संदेशात दूध आणि बासुंदी हे दोन प्रश्न एकत्र आले होते आणि तिथूनच सुरुवात झाली.

गटावर कोणाचंही शुद्धलेखन कोणीही दुरुस्त करायचं नाही. स्मरणिकेत मी पूर्वीइतकीच कडक राहीन. छापलेला मजकूर राहतो, मुलं तो वाचून शिकतात, तिथे ऱ्हस्व-दीर्घ मला हवंच. पण तो लेख माझ्या टेबलावर असतो, साठ घरांसमोर नाही.

संक्रांतीला पहिला प्रयोग झाला. कोषाध्यक्षाने लिहिलं, ‘तिळाचे लाडू १२ किलो नक्की. बुधवारी १४ तारखेला सकाळी १० पर्यंत मी स्वतः आणतो.’ काकांनी खाली लिहिलं, ‘१२ किलो लाडू बुधवारी सकाळी १० ला येणार. मी त्या दिवशी दुकानदाराला फोन करणार नाही.’ लाडू आले. सगळं सुधारलं असं मात्र नाही. वाढदिवसाला अजून तीन रोमन अक्षरं येतात आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण जानेवारीत एका घरी दुःखद घटना घडली तेव्हा त्या मुलाच्या संदेशाखाली इंग्रजीतल्या तीन अक्षरांची रांग लागली. तो मला म्हणाला, ‘काकू, वाचलंच नाही मी पुढे.’ याबद्दल नियम करावा असं मला वाटतं, इतरांना वाटतं की शोक नियमाने लिहवत नाही. हा मुद्दा तसाच राहिला आहे.

काका दुरुस्तीबंदीवर नाराज होते. ‘मग शिकवायचं कुठे?’ असं त्यांनी भर सभेत विचारलं आणि तो प्रश्न योग्य होता. म्हणून शनिवारी संध्याकाळी त्यांच्याच घरी तासभर बसायला सुरुवात केली. ज्याला हवं त्याने यावं, आपलं लिहिलेलं आणावं, नाहीतर घरातलं जुनं काही वाचायला आणावं. पाच-सहा जण येतात. कोषाध्यक्ष दोनदा आला. त्याची वहिनी एकही शनिवार चुकवत नाही. सामान्यरूपाचा नियम तिला एकदा सांगितला, तर पुढच्या वेळी ती मूल, फूल, सून अशा शब्दांची वही भरून घेऊन आली, गणिताच्या वहीसारखे दोन रकाने आखून.

मागच्या महिन्यात काकांनी त्यांच्या वडिलांची पत्रं काढली. १९५० च्या दशकातली, निळी शाई फिकट झालेली. वाचायचं काम तिच्याकडे होतं. दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच ती थांबली आणि कागद काकांपुढे धरला. ‘विनंति’, वेलांटी ऱ्हस्व. काकांनी चष्मा काढून पुसला, पत्र जवळ घेतलं, बराच वेळ पाहिलं.

‘तेव्हा असंच लिहीत,’ ते म्हणाले. मग पत्र तिच्या हातात परत देऊन म्हणाले, ‘पुढे वाच. बैलाचं काय झालं ते येईल आता.’